धुऱ्यावरचा टेप

दुर्गेशच्या व्हॅनमध्ये मूळच्या कंपनीच्या तीनच गोष्टी उरल्या होत्या : स्टिअरिंग, मागची काच आणि टेप. बाकीची व्हॅन अर्जुनीच्या निरनिराळ्या गॅरेजांनी थोडी थोडी करून नव्यानं जन्माला घातली होती. टेप वाचला तो भोजराज गुरुजींमुळे. व्हॅन विकताना त्यांनी एकच अट घातली होती, "गाडीत काय पाहिजे ते बदल. टेपले हात लावू नको." का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला गुरुजी सायकलनं येत, पुढच्या दारातून मान आत घालत, टेप जागेवर आहे हे पाहत आणि आपट्याचं पान देऊन परत जात. आठ वर्षं हे चाललं होतं. ज्या माणसानं आपल्याला सतराचा पाढा शिकवला आणि तो आपल्याला अजूनही येत नाही, त्या माणसाला दुसऱ्यांदा नाराज करायची दुर्गेशची तयारी नव्हती.

टेप कॅसेटचा होता. पेन ड्राइव्ह घालायला जागा नाही, वायर खुपसायला भोक नाही. रेडिओचं बटण दाबलं की कुकरची शिट्टी येऊ येऊ करते आणि येत नाही, तसा आवाज यायचा.

या टेपमधून आता आईचा आवाज काढायचा होता. तोही सोमवारच्या आत.

आई म्हणजे दुर्पता. गावातल्या भातरोवणीच्या टोळीत ती एकोणीस हंगाम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाच्या कडेला, उभी राहत आली होती. बारा बायका चिखलात एका रांगेत वाकतात आणि मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवतात. धुऱ्याला लागून जी पहिली असते ती ओळ धरते, बाकीच्या तिच्या ओळीनं येतात. गाणंही तीच उचलते. ती एक ओळ म्हणते, अकरा जणी ती झेलतात, आणि त्या झेलण्यावर हात चालतात. हंगामाच्या पहिल्या बांधीत, पहिल्या भातखाचरात, जिनं धुऱ्यावरून गाणं उचललं, धुरा हंगामभर तिचा. हा नियम कुठं लिहून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो कोणी मोडलाही नव्हता. आणि धुऱ्यावरून एकदा मधे गेलेली बाई पुन्हा धुऱ्यावर आल्याचं गावात कोणालाच आठवत नव्हतं. मधे गेलेली मधेच म्हातारी होते.

दिवाळीनंतर दुर्पताचा आवाज बसला. मग घोगरा झाला, मग अर्धा गेला. गोंदियाच्या डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं. आवाजाच्या पट्टीवर गाठ होती. साधी होती, पण काढायला हवी होती.

"आत्ताच करून टाक माय," दुर्गेश म्हणाला होता. "उन्हाळी धानाच्या रोवणीपर्यंत बोलायले लागशील."

हिशेब त्याचा होता. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाला, चाळीस दिवस तोंडातून आवाज काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं तर बोलण्याहून वाईट. हातांनी काय करायचं ते करा. दुर्गेशनं बोटांवर मोजलं तर चाळीस दिवस बरोबर रोवणीच्या आदल्या दिवशी संपत होते. पण इटियाडोह धरणाचं पाणी यंदा लवकर सुटलं. शालीकराम पाटलाची पहिली बांधी सोमवारी ठरली, आणि सोमवार हा बाविसावा दिवस होता.

दुर्पता काहीच म्हणाली नाही. म्हणजे म्हणू शकतच नव्हती. घरात ती स्टीलच्या ताटावर चमचा वाजवून बोलायची. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. तीन म्हणजे बेअक्कल. दुर्गेशनं तारीख सांगितली तेव्हा तिनं चमचा उचलला, ताटाकडे पाहिलं आणि ठोका न देताच खाली ठेवला. तीन ठोके पडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

ती आत गेली आणि कणगीमागच्या डब्यातून काडेपेटीएवढी एक वस्तू आणून त्याच्या हातावर ठेवली.

तो त्याचाच जुना एमपी थ्री होता. आयटीआयला असताना घेतलेला, पेन्सिल सेलवर चालणारा. त्यात आवाज भरताही यायचा. एका दुपारी चुलीपाशी तांदूळ निवडता निवडता दुर्पतानं त्यात चौदा गाणी म्हणून ठेवली होती, दम न घेता, एकामागून एक. कायले, असं त्यानं तेव्हा विचारलं होतं. "असू दे," ती म्हणाली होती. मग दोघंही विसरले. म्हणजे दुर्गेश विसरला.

सेल घालून त्यानं हेडफोन कानाला लावला. दहा वर्षांपूर्वीची आई त्याच्या कानात इतक्या जोरात ओरडली की त्यानं दचकून समोरच्या आईकडे पाहिलं. समोरची आई गप्प बसली होती. त्याला उगीचच दोघींपैकी कोणाला उत्तर द्यावं असा प्रश्न पडला.

गाणी मोबाईलमध्ये घ्यावीत, तर प्लेअरचं कॉम्प्युटरला जोडायचं भोक गंजून बसलेलं. ठीक होतं ते फक्त हेडफोनचं. टोळीतल्या साक्षीचा ब्लूटूथचा डबा पोळ्याला बैलाच्या पायाखाली गेला होता. बांधीवर ऐकू जाईल एवढा मोठा आवाज गावात एकाच गोष्टीत होता. व्हॅनमध्ये.

शनिवारी दुर्गेश गोंदियाला गेला. बाजारात रामलालच्या दुकानात त्यानं प्लेअर आणि टेपचा मोबाईलवर काढलेला फोटो दोन्ही काउंटरवर ठेवले. रामलालनं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"भैया, नया स्टीरियो लगवा लो. टचस्क्रीनवाला."

"नहीं लगा सकता."

"क्यों?"

"गुरुजी दशहरे पे चेक करने आते हैं."

रामलालनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. दुकानदारीत बावीस वर्षं काढलेल्या माणसानं पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या केसांत जाळी आणि हातात एक कॅसेट होती. कॅसेटीत फीत नव्हती. कडेतून एक वायर निघाली होती आणि वायरीच्या टोकाला पिन.

"ये टेप में डालो, पिन इसमें. टेप को लगेगा कि कैसेट बज रही है. टेप को उल्लू बनाने का यंत्र है ये."

"बनेगा?"

"सब बनते हैं," रामलाल म्हणाला.

टेप बनला नाही. फुलचूरला बहिणीच्या, रीनाच्या घरासमोर व्हॅन उभी करून दुर्गेशनं कॅसेट आत सरकवली. दोन ओळी ऐकू आल्या आणि टेपनं खट् करून बाजू बदलली. गुरुजींचा टेप कॅसेट संपली की आपोआप दुसरी बाजू लावणारा होता, आणि फीतच नसलेली कॅसेट दर अर्ध्या मिनिटाला संपली असं त्याला वाटायचं. खट्, आई. खट्, शांतता. खट्, आई. शेजारची दोन माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली.

रीना बाहेर आली. ती घरी ब्लाउज शिवायची, गळ्यात टेप होता, तो मोजायचा.

"काय करून राहिला गा?"

"मायले गाडीत बसवून राहिलो."

रीनानं कॅसेट काढून दिव्यासमोर धरली. आत दोन चाकं होती आणि ती जाम झाली होती. "चाक फिरत नसन तर त्याले वाटते संपली," ती म्हणाली, आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब तिनं कॅसेटीच्या पोटात सोडले. चाकं फिरली. टेप बनला. दुर्पताचा आवाज गल्लीभर झाला, आणि रीना गाडीच्या दाराला टेकून पूर्ण एक गाणं ऐकत राहिली. गाण्याच्या मधेच आवाज आला, "ए गा, ते दूध पाहाय ना, उतू जाऊन राहिलं!"

रीना घराकडे निघाली. चार पावलं गेल्यावर थांबली.

"दहा वर्षं झाली त्या दुधाले," दुर्गेश म्हणाला.

"तुले काय सांगू," ती म्हणाली, "पाय आपोआप उचलते."

सोमवारी सकाळी धुकं होतं. दुर्गेशनं बारा बायका, बारा डबे आणि एक प्लेअर घेऊन व्हॅन शालीकराम पाटलाच्या बांधीवर नेली, पाटाच्या तोंडाशी धुरा रुंद होता तिथं लावली आणि चारही दारं उघडली. दुर्पता खाली उतरली, साडी खोचली आणि कोपऱ्यात आपल्या जागी पाण्यात उभी राहिली. तिच्या शेजारी अन्नपूर्णा. अन्नपूर्णा टोळीतली दुसरी. एकोणीस हंगाम दुसरी. तिचा गळा चांगला होता, आणि तो चांगला आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आज कोन उचलते?" तिनं विचारलं. दुर्पताकडे न पाहता.

"मायच," दुर्गेश गाडीतून म्हणाला.

"डाक्टरनं मना केलं ना तिले?"

"तोंडानं मना केलं. टेपनं नाही."

"अवं माय! म्हंजे धुऱ्यावर आता टेप उभा राहीन? मंग रोवायले बी त्यालेच लाव."

बायका हसल्या. धुऱ्यावर बसलेला शालीकराम पाटील हसला नाही. "मले ओळ सरळ पाहिजे," तो म्हणाला, "मंग गाणं माणसानं म्हणो का इंजिनानं."

दुर्गेशनं बटण दाबलं.

पाटाच्या पान्याले कोनी गं सांगावं,
माह्या बांधीले येऊन थांबावं...

आवाज धुक्यात गेला आणि क्षणभर बारा जणी वाकायच्या विसरल्या. गेल्या तीन महिन्यांत गावानं हा आवाज ऐकला नव्हता. हा तर त्याच्याही आधीचा, भरलेला, तरुण. दुर्पता मान खाली घालून उभी होती. स्वतःचा आवाज पाठीमागून येतो तेव्हा माणसानं कुठं पाहायचं असतं, ते तिलाही ठाऊक नसावं. मग अकरा जणींनी ओळ झेलली, "थांबावं गं बाई थांबावं," आणि हात पाण्यात गेले.

पण टेप थांबला नाही. घरात एकटीनं तांदूळ निवडताना झेलायला कोणी नव्हतं, म्हणून दुर्पतानं तेव्हा ओळीमागून ओळ म्हटली होती, मधे जागाच सोडली नव्हती. बायका पहिली ओळ झेलत होत्या तोवर टेप तिसरीवर गेला. बायकांनी दुसरी सोडून तिसरी धरली, तर तो पाचवीवर. साक्षी सहावीवर जाऊन त्याची वाट पाहत उभी राहिली. पऱ्हे कुठं चार बोटांवर, कुठं वितीवर पडू लागले. ओळीला पोट आलं.

"हे काय वं?" शालीकराम उठून उभा राहिला. "साप काढून राहिल्या का बांधीत?"

"राहू द्या," अन्नपूर्णा म्हणाली. तिनं कंबर सरळ केली, पऱ्ह्यांची पेंडी दुसऱ्या हातात घेतली आणि कोपऱ्याकडे, दुर्पताच्या बाजूला, एक पाऊल टाकलं. "सरक बाई. मी उचलतो आजच्या दिवस."

नेमकं तेव्हाच टेपमधून दुर्पता कडाडली, "हट्! कुठं तोंड घालून राहिली? तुह्या बापाचं हाय का? हो मागं!"

अन्नपूर्णा जागच्या जागी थिजली. दुर्पतानं दोन्ही हातांतल्या पऱ्ह्यांसकट तोंडावर हात मारला, आणि तिच्या नाकाला चिखल लागला.

"मले म्हणून राहिली का?" अन्नपूर्णानं विचारलं.

"नाही मावशी," दुर्गेश घाईघाईनं म्हणाला, "शेरडीले. तांदळात तोंड घालत होती. मेली ते बी."

"तांदूळ का शेरडी?"

"शेरडी."

अन्नपूर्णानं यावर विचार केला. दहा वर्षांपूर्वीच्या मेलेल्या शेरडीच्या शिव्या आपल्याला का लागाव्यात हे तिला ठरवता येईना. पण पुढे टाकलेलं पाऊल तिनं मागे घेतलं.

दुर्गेशनं टेप थांबवला, आणि तेव्हा त्याला सुचलं. थांबवताच येतं की. एक ओळ सोडायची, प्लेअर थांबवायचा, बायकांना झेलू द्यायचं, मग पुढची. पण पुढची नेमकी कधी सोडायची? पहिल्यांदा लवकर सोडली, दुसऱ्यांदा उशिरा. तो बायकांच्या हातांकडे पाहायला लागला, पण हात बारा जणींचे, बारा तऱ्हेचे. मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. दुर्पताचा डावा खांदा वर उचलला जात होता. आवाज नव्हता, ओठ मिटलेले होते, पण ओळ उचलायच्या आधी छातीत श्वास भरायची एकोणीस हंगामांची सवय खांद्यात तशीच होती. खांदा वर गेला की दुर्गेशनं बटण दाबलं. ओळ बरोबर बसली. पुन्हा खांदा, पुन्हा बटण.

त्यानंतर दोन तास त्यानं दुसरं काहीच पाहिलं नाही. रोज ज्या आईच्या हातचं खातो, जिला बाजारात सोडतो, आणतो, तिच्या खांद्याकडे आपण कधी पाहिलं नव्हतं, हे त्याला बटण दाबता दाबता कळत गेलं. आजवर त्याला वाटत होतं की आई गाते आणि बायका तिच्यामागून गातात. आता दिसत होतं की गाणं सुरू व्हायच्या आधी काहीतरी असतं, आणि बायका त्याच्यामागून जातात. ते काही टेपमध्ये भरलेलं नव्हतं. टेपला ते त्याच्यासारखंच बाहेरून पाहावं लागत होतं.

ओळीचं पोट गेलं. शालीकराम खाली बसला.

ऊन चढलं आणि "माह्या बांधीले येऊन" यावर दुर्पताचा आवाज जाड झाला, मग बैलासारखा झाला, आणि बंद पडला. टेपचा दिवा विझला. इंजिन बंद, टेप चालू आणि चारही दारं उघडी, त्यामुळे सकाळपासून डोक्यावरची बत्तीही जळत होती. दुर्गेशनं चावी फिरवली. व्हॅननं एकदा खोकून दाखवलं आणि मग तेही सोडलं.

"बॅटरी बसली," तो म्हणाला.

अजून निम्मी बांधी उरली होती. पहिली बांधी अर्धवट टाकायची नसते, आणि गाण्याशिवाय ती सरळ होणार नव्हती. सगळ्यांच्या माना हळूहळू अन्नपूर्णाकडे वळल्या. दुर्पतानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा गळा हलला. दुर्गेशला तो हललेला दिसला, आणि आता ती तोंड उघडणार, बावीस दिवस पाण्यात जाणार, हे त्याला कळलं. तो दारातून उतरून धुऱ्यावर पळाला, "माय, नाही! माय!" आणि चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. चप्पल आत राहिली.

दुर्पतानं तोंड उघडलं नाही. तिनं हातातली पेंडी उचलली आणि पाण्यावर आपटली. एकदा. थप्.

अन्नपूर्णानं ऐकलं. तिनं धुऱ्याकडे पाहिलं, दुर्पताच्या पायांपाशी पाटाचं ताजं पाणी खळखळत आत येत होतं त्याच्याकडे पाहिलं.

"मी कायले त्या कोपऱ्यात जाऊ?" ती म्हणाली. "तिथं पानी बरफ हाय. एकोणीस हंगाम तिथं उभी राहून राहिली बाई, गळा जाईन नाही तर काय होईन."

आणि आपल्याच जागेवरून, दुसरीच्या जागेवरून, तिनं गाणं उचललं. एक ओळ म्हणाली आणि थांबली. दहा जणींनी झेललं. अन्नपूर्णा थांबूनच होती. पेंडी पाण्यावर पडली, थप्, तेव्हा तिनं पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबली. थप्. मधे एकदा घाई करून ती ठोक्याआधीच सुटली, तर कोपऱ्यातून थप् थप् असे दोन ठोके आले. अन्नपूर्णा दोन ठोक्यांचा अर्थ कोणी न सांगता समजली आणि ओळ पहिल्यापासून घेतली.

चप्पल शोधत दुर्गेश बांधीतच उभा होता. शालीकराम त्याला म्हणाला, "तू रोवून राहिला का उगवून राहिला?"

बांधी चारच्या सुमारास संपली. ओळी शालीकरामनं धुऱ्यावर पोट टेकून, एक डोळा मिटून पाहिल्या आणि काही बोलला नाही. त्याच्याकडून हे पुष्कळ होतं. मग बारा बायका चिखलाच्या हातांनी व्हॅनला मागून लागल्या. दुर्पतानं पत्र्यावर थाप मारली की सगळ्यांनी ढकलायचं, असं आपोआपच ठरलं. थाप, ढकल, ओळ. थाप, ढकल, ओळ. पाटाच्या रस्त्यानं गाणं म्हणत बारा बायका एक व्हॅन घेऊन निघाल्या. समोरून मोटरसायकलवर येणारा एक जण बाजूला उतरून, मिरवणूक असावी असं समजून, हात जोडून उभा राहिला.

सातव्या ओळीला इंजिन लागलं. त्याबरोबर टेपही लागला, आणि गाडीच्या आतून दुर्पता ओरडली, "ए गा, ते दूध पाहाय ना!"

"पाहाय ना गा!" अन्नपूर्णा मागून ओरडली, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. दुर्पताही हसली. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज अजिबात नव्हता. दुर्गेश आरशातून ते पाहत राहिला. डॉक्टरनं हसू नका असं म्हटलं होतं का, हे त्याला आठवेना.

घरी जाताना ती पुढच्या सीटवर बसली होती. दुर्गेशनं कॅसेट बाहेर काढली, वायर गुंडाळली आणि प्लेअर तिच्या हातात दिला. तिनं तो पदराच्या टोकात बांधला.

"माय," गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "उद्या टेप लावायचा का?"

तिनं बोटाच्या पेरानं डॅशबोर्डवर ठोका दिला. एक. मग दुसरा.

"बरं," तो म्हणाला. त्याला थोडं वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं, दोन्हींत जास्त काय ते तो ठरवत होता. व्हॅन कालव्याच्या पुलावरून उतरली, गावच्या पाटीपाशी आली, आणि दुर्पतानं खिडकीबाहेर पाहत पाहत, सावकाश, तिसरा ठोका दिला.